बुर्माकानच्या आईचा चितकबरा राजमा

दृष्ट काढायला आम्ही तलास खोऱ्यातले लोक जो हरमलचा पाला जाळतो, तोच आमचा शेजारी तोक्तोनाली चहाच्या किटलीत उकळायचा. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ होता. त्या काढ्यात तो सोन्याचा क्षार थेंब थेंब टाकायचा आणि पाणी लालभडक झालं की बाटली घेऊन गल्लीभर मिरवायचा.

"एका केसाच्या जाडीत दोन हजार मावतील, इतके बारीक कण आहेत सोन्याचे."

"मग बायकोच्या कानात घाल," मी म्हणायचो. "तेवढंच सोनं दिसतंय तिच्या नशिबात."

हे कण तो कागदी पट्टीवर चढवायचा. पट्टी बियांच्या रसात बुडवायची. एक लाल रेघ आली तर बी निरोगी. दोन आल्या तर आत केवड्याचा, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाचा विषाणू. सगळं खोरं राजम्यावर जगतं, त्यामुळे त्याची टिंगल करणारेही बी घेऊन त्याच्याच दारात उभे असत. पण वाईट बातमी काही त्याच्या तोंडून निघत नसे. "दुसरी रेघ जरा लाजतेय," असं पुटपुटून तो माणसाला प्रयोगशाळेतल्या साहेबांकडे धाडायचा.

बुर्माकान त्याची थोरली बहीण, त्याची एजे. आईच्या हातचा चितकबरा राजमा तिने तीस वर्षं जपला होता. त्या वसंतात तिने ठरवलं, आईच्या आठवणीचं जेवण घालायचं आणि हे बी घरोघर वाटायचं. भावाचं समाधान म्हणून मूठभर बी आधी तपासायला पाठवलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी त्याने मला पट्टी दाखवली. दोन रेघा होत्या, आणि दुसरी मुळीच लाजत नव्हती.

"जा, सांग तिला," मी म्हणालो.

"तिकडेच निघालोय."

आम्ही पोचलो तेव्हा जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, गाव जमलेलं, मधोमध बियांचं पोतं.

"आलास?" बुर्माकान म्हणाली. "आईचा एकुलता एक मुलगा तू. बियांना आशीर्वाद तूच द्यायचा."

चाळीस घरांनी आशीर्वादासाठी तळवे पसरले. तोक्तोनालीचा हात खिशातल्या पट्टीवर होता. तो त्याने रिकामाच बाहेर काढला.

"एकाचे हजार होवोत," तो म्हणाला.

सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. दिलेला आशीर्वाद आमच्यात परत घेत नाहीत. बोलू शकणारा दुसरा माणूस मी होतो, आणि माझ्या तोंडात कणकेचा तळलेला बोर्सोक होता.

जुलैत चाळीस घरांच्या शेतांत पानं पिवळी-हिरवी होऊन चुरगळली. बुर्माकान मूठभर पानं घेऊन भावाकडे आली.

"तुझ्या पट्टीला हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं, एजे. जेवणाच्या सकाळीच."

ती ओट्यावर बसली. "गाढवा, मी चहा ओतत होते तेव्हा कानात सांगायचंस. पोतं उचलून कोठीत टाकलं असतं."

"सगळे हात पसरून बसले होते."

"तुझं ते सोनं फवारलं तर बरं होईल?"

"नाही. ते फक्त ओळखतं आणि सांगतं."

"निदान सांगतं तरी," ती म्हणाली.

उरलेलं बी तिने स्वतःच्या चुलीत घातलं. त्या दिवशी तिने कुणाकडे आशीर्वाद मागितला नाही.

आता तोक्तोनाली निकाल लोकांच्या घरी जाऊन दारातच सांगतो, बूट न काढता, चहा नाकारून. लोक त्याला उद्धट म्हणतात, आणि मी गप्प ऐकून घेतो. तो चितकबरा राजमा मात्र आमच्या गावात पुन्हा कुणी पाहिला नाही.