उभ्या जहाजाचा धूर

देवणीच्या माणिकप्पा मिस्त्रींनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतातली इंजिनं दुरुस्त करण्यात घालवलं. विहिरीचं पाणी ओढणारं डिझेल इंजिन बंद पडलं, की निलंग्याकडचेही लोक त्यांना न्यायला यायचे. धूर बघूनच ते रोग सांगत. काळा असला तर नोझल गेलं, निळा असला तर ऑइल जळायलंय. पुढे विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, तरी ट्रॅक्टर आणि जनरेटरच्या कामावर उदगीर रस्त्यावरचं त्यांचं दुकान चालू राहिलं.

त्यांची एकुलती लेक दामिनी शाळा सुटली की त्याच दुकानात ताटलीत रॉकेल घेऊन पार्ट धुवायची. घरी आली की आई गुरम्मा आधी तिचे हात नाकाशी धरून बघायची, मगच जेवायला वाढायची. दामिनी इंजिनिअर झाली, जहाजाच्या इंजिनांचा वेगळा कोर्स केला आणि परदेशी कंपनीच्या एका क्रूझ जहाजावर लागली. लोकांना फिरवून आणण्यासाठीच चालणारं जहाज, त्याच्या पोटातली इंजिनं आपली लेक सांभाळते, हे माणिकप्पांना सांगता यायचं, पण डोळ्यांपुढं काही यायचं नाही.

जहाजावरच्या अधिकाऱ्यांना घरच्या माणसाला सोबत नेण्याची मुभा होती. गुरम्मा म्हणाली, "पाण्यावर हलणाऱ्या घरात मी न्हाई राहायची. तुमी जा." म्हणून एका उन्हाळ्यात माणिकप्पा एकटेच विमानात बसले. पिशवीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि विभूतीची डबी.

इंग्लंडच्या बंदरात जहाज पहिल्यांदा दिसलं, तेव्हा ते मान वर करून नुसते उभे राहिले. लातूरच्या बाजारपेठेतली एक अख्खी गल्ली मजल्यांवर मजले चढवून पाण्यात सोडावी, तसं ते होतं. "हे तरंगतंय?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुख्य इंजिनिअरची परवानगी घेऊन दामिनीने त्यांना खाली नेलं. कानांवर जाड गोळे चढवले, तरी तो आवाज छातीतून आत शिरला. एकेक इंजिन दुमजली घराएवढं. माणिकप्पांनी जिन्याच्या कठड्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. हयातभर ज्या यंत्राशी आपण बोलत आलो, त्याचं हे रूप असू शकतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेलाच्या खोलीत दामिनीने नमुन्याची एक बाटली त्यांच्या हातात दिली आणि उलटी धरायला सांगितली. आतलं काळं काही जागचं हललं नाही.

"हे डांबर हाय," माणिकप्पा म्हणाले.

"तेच जळतंय इथं, अप्पा. पेट्रोल, डिझेल सगळं काढून घेतल्यावर खाली जो गाळ उरतोय, तो. उकळत्या पाण्याहून जास्त तापवावा लागतोय, मग कुठं इंजिनात जातोय."

"आन् गंधक? एवढ्या गाळात लई आसंल की."

"लई हाय. म्हणून धूर चिमणीतच समुद्राच्या पाण्यानं धुतात. हवा जरा साफ होतीय. पण ते धुतलेलं पाणी बऱ्याच ठिकाणी परत समुद्रातच सोडतात. त्यात आम्ल आसतंय, धातू आसतात. काही बंदरांनी त्याला बंदी केली. तिथं आमी महागाचं डिझेल जाळतो."

माणिकप्पांनी बाटली दोन्ही हातांनी परत दिली.

पुढे नॉर्वे आलं. समुद्र डोंगरांच्या आत शिरलेला, दोन्ही बाजूंनी सरळ उभे कडे आणि कड्यांवरून पडणारे धबधबे. माणिकप्पा पहाटे स्नान आणि लिंगपूजा उरकून डेकवर आले आणि न्याहारी विसरले. त्यांच्याकडची मांजरा नदी उन्हाळ्यात वाळूत हरवायची. इथं पाणी आभाळातून उतरत होतं आणि कुणी ते अडवायलाही धावत नव्हतं.

दुपारी दामिनीला सुट्टी होती. दोघं छोट्या होडीने काठावर गेले आणि पायवाटेने चढून एका दगडावर बसले. खाली दरीत त्यांचं जहाज आणि दुसरी दोन जहाजं उभी होती. वारा पडला होता. पाण्यावर, कड्यांच्या निम्म्या उंचीवर, निळसर चादर अंथरल्यासारखं काही तरंगत होतं.

"दुपारच्यालाबी धुकं राहतंय इथं?" माणिकप्पांनी विचारलं.

"धुकं न्हाई अप्पा. ते आमचं हाय."

"जहाज तर उभं हाय."

"उभं आसलं तरी आत एक गाव राहतंय. दिवे, स्वयंपाक, एसी, गरम पाणी. इंजिन बंद करता येत न्हाई."

माणिकप्पा त्या चादरीकडे बघत राहिले. धूर बघायची त्यांना सवय होती, पण तो एका चिमणीतून निघून आभाळात विरणारा. डोंगरांच्या ओंजळीत साचून राहिलेला धूर ते पहिल्यांदाच बघत होते.

"माणसानं येवढं मोठं केलं," ते सावकाश म्हणाले, "आन् येवढं मोठं बिघडवलं."

दामिनी खाली बघत बसली. ती वर्षभर जहाजाच्या पोटातच होती. बाहेरून, वरून, तिनेही हे कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी जहाज बर्गनच्या धक्क्याला लागलं. दामिनीने त्यांना पुन्हा खाली बोलावलं. धक्क्यावरून माणसाच्या मांडीएवढ्या जाड केबली जहाजात ओढून घेतल्या होत्या. नियंत्रण कक्षात कुणीतरी आकडे वाचले, दामिनीने मान हलवली आणि एकेक करून सगळी इंजिनं थांबली. दिवे मिणमिणलेसुद्धा नाहीत. वर स्वयंपाक चालू होता, लिफ्ट चालू होत्या. खाली फक्त पंख्यांची घरघर उरली.

माणिकप्पांनी कानांवरचे गोळे काढले. "वीज कुठून यायली?"

"डोंगरातल्या पाण्यातून. इथं बहुतेक वीज तशीच तयार होतीय."

म्हातारा मिस्त्री गार होत चाललेल्या इंजिनाशेजारी उभा होता. पडत्या पाण्यावर चालणारं गाव त्याच्या डोक्यावर होतं. त्याचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "सगळीकडं का न्हाई करीत हे?" त्याने हळूच विचारलं.

"लई थोड्या बंदरांत हाय. हळूहळू वाढायलंय."

माणिकप्पा घरी परतले. पुढच्या वर्षी दामिनीने जहाज बदललं. नवं जहाज खूप थंड करून पातळ केलेल्या गॅसवर चालणारं होतं. तिला पोचवायला माणिकप्पा लातूरच्या स्टेशनवर आले, तेव्हा मुंबईची गाडी फलाटाला लागलेली होती.

"यात काजळी न्हाई म्हण की," ते म्हणाले.

"जवळजवळ न्हाईच. गंधक न्हाई. पण थोडा गॅस न जळताच इंजिनातून निसटतोय, आन् तो धुरापेक्षा हवेला जास्त तापवतोय. दिसत मात्र न्हाई. तो मोजायचं काम मी मागून घेतलंय."

"आन् थंड किती आसतंय ते?"

"शून्याच्या खाली एकशे साठ."

माणिकप्पांनी विचार करून बघितला. देवणीच्या थंडीत पहाटे टाकीचं पाणी अंगावर घेताना लागतो त्या गारठ्यापलीकडे त्यांची कल्पना जाईना. "येवढं थंड धरून ठेवायचं, आन् त्यालाच पेटवायचं," ते स्वतःशीच म्हणाले. गाडी हलली. दामिनी दारातून हात करत होती आणि ते अजून त्या थंडीचाच विचार करत फलाटावर तिच्या डब्याबरोबर चालत होते.