नराचा तिसरा पाय

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. सुटीच्या दिवशी बारीक जाळी घेऊन विहिरी धुंडाळायचा मला नाद होता. इगतपुरीच्या पुढे, भातखाचरांच्या कडेच्या एका विहिरीत मला तो जीव सापडला. झिंग्याच्या जातकुळीतला, पण खसखशीच्या दाण्याहून लहान, पांढराफटक. डोळेच नव्हते त्याला.

चित्रं काढून परदेशातल्या एका तज्ज्ञांना पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: जात नवी दिसते, पण तुमच्याकडच्या सगळ्या माद्या आहेत. नराच्या तिसऱ्या पायाची ठेवण पाहिल्याशिवाय खात्री देता येणार नाही.

पुढच्या तीन खेपांना माद्याच मिळाल्या. चौथ्या खेपेला विहिरीच्या मालकीणबाईंनी माझी जाळी धरली. साठीच्या होत्या.

"बाई, आमच्या पान्यात किडं हायेत व्हय? उद्या कुनी विहीर बंद केली तर आमी जायाचं कुठं?"

मी ओशाळले. इतके महिने येत होते, पण काय शोधतेय ते त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. काचेच्या वाटीत थेंबभर पाणी घेऊन भिंग त्यांच्या हाती दिलं.

"मावशी, यानं आजार होत नाही. जमिनीखालच्या पाण्यातच राहतो हा. अंधारात डोळ्यांचं काम काय? मला याचा नर हवाय, तोच मिळत नाही."

हलणाऱ्या त्या ठिपक्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग वरवर जाळी फिरवून काय गावनार? उन्हाळ्यात ये. तळाच्या कपारीतून झरा येतो, तिथली वाळू काढ."

मे महिन्यात त्याच पुढे होऊन पायऱ्या उतरल्या आणि बादलीभर वाळू काढून दिली. त्या वाळूच्या धुवणात तीन नर निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली, ग्लिसरिनच्या थेंबात, सुईच्या टोकानं पाय सोडवताना पहिल्याचा मोडला. दुसऱ्याचा अखंड निघाला. असा पाय आजवर कुणी नोंदवला नव्हता.

शोधनिबंध छापून आला. नव्या जातीच्या नावात गावाचं नाव गुंफलं होतं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्या अक्षरांवर मी त्यांचं बोट ठेवलं.

"म्हंजी आमच्या गावचाच हाय म्हना की!" त्या हसल्या आणि सुनेला हाक मारून तेच पान दाखवलं. मग मला म्हणाल्या, "माझ्या भनीच्या गावाला बी झरा हाय, लय जुना. चल, मी येते संगती."

एसटीला अर्धा तास होता. तोवर त्यांनी माझ्या पिशवीतली जाळी धुऊन उन्हात टाकली.