हौसाकाकूचा चहा

आजारी माणसाला भेटायला कुणी आलं की हौसाकाकू आधी चहाचं आधण ठेवायची, मग पाहुण्यांचं तोंड बघायची. "आदी चा घ्या, मग रडा," म्हणायची. बिस्किटाचा पुडा मांडीवर ठेवून तोंड लांब करून बसलेल्या बायांनाही हसू फुटायचं. निमगाव साव्याच्या आमच्या घरात आजारपणं काही कमी झाली नाहीत. तिचं निम्मं आयुष्य या चहातच गेलं.

ती माझी धाकटी चुलती. आजीचं एक अंग लुळं पडलं तेव्हा तिचं सगळं जागेवरचं काकूनं काढलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कावीळ झाली तेव्हा पथ्यपाणीही तिनंच सांभाळलं. माझ्या आईला म्हणे वासानं मळमळायचं, आणि नाना, काकूचा नवरा, आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. आजी चिडली की चमचा फेकून मारायची. काकू तो धुवून पुन्हा तिच्या तोंडाशी न्यायची. "मारा खुशाल, पर आदी गिळा." तुला कंटाळा नाही का गं येत, असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मला काय धाड भरलीय!" तापानं फणफणली तरी हेच, विळीनं बोट कापलं तरी हेच. घरच्यांना ते फार सोयीचं पडलं.

माझ्या भावाचं, विकासचं, लग्न ठरलं त्याच माघात काकूच्या छातीत गाठ लागली. जुन्नरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, पुण्याला न्या, ऑपरेशन लगेच करा. लग्न होतं वैशाखात. बस्ता झालेला, कार्यालय ठरलेलं. आबा पडवीत बसून बोलले, "ऑपरेशनात काय बरंवाईट झालं तर? सुतक पडलं म्हंजी लग्न लांबलंच. एवढं उरकू द्या, मग नेऊ." नाना म्हणाला, "दादा म्हनतोय ते बराबर हाय." काकू दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. थोरल्या दिराशी ती उभ्या जन्मात समोरासमोर बोलली नव्हती. आतूनच आईला म्हणाली, "व्हऊ द्या की लगीन. मला काय धाड भरलीय!" झालं! सगळ्यांना जे हवं होतं, ते तिच्याच तोंडून मिळालं.

मला येडगावला दिलेली. मला यातलं कुणी अवाक्षर कळवलं नाही. हळदीच्या दिवशी माहेरी आले, तर सवाष्णी उखळात हळद फोडत होत्या आणि काकूच्या डाव्या हातात मुसळ. उजवा हात वर जातच नव्हता. आईला कोपऱ्यात घेतलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं, तेही इकडंतिकडं बघत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आबांपुढं जाऊन म्हटलं, "मरंल ती तुमच्या पायी."

"लग्नघरात अभद्र बोलू नगंस," आबा म्हणाले. "घरातली सवाष्ण हाय ती. हळदीला नगं का?"

वा रे वा! हळद फोडायला तेवढी घरची, पुण्याला न्यायला कुणाची?

काकूला म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. तिनं माझ्या गालाला हळद लावली आणि म्हणाली, "येडी का काय? लोक काय म्हंतील?" लग्न झालं. मग सत्यनारायण. मग खंडोबाचं जागरण, कारण ते राहिलं तर देव कोपेल अशी सगळ्यांना भीती. पुण्याला नेलं ते आषाढात. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यात अर्थ नाही, घरी न्या.

मग गाव लोटलं भेटायला. कुणी शहाळं, कुणी बिस्किटं. आणि चहा कोण टाकायचं? काकूच! भिंतीला धरून उठायची. आई म्हणायची, "तिला बसवत न्हाई, सवयच हाय तिला." मी असले की मी करायची, पण मी रोज थोडीच तिथं होते!

एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. पडवीत आळे गावचे पाहुणे आले. आबा त्यांना सांगत होते, "आमी काय बी कमी केलं न्हाई. जुन्नर केलं, पुनं केलं. तिच्याच नशिबात न्हाई, काय करता!" मग आत बघून ओरडले, "अगं, चा टाका!"

काकूचा हात सवयीनं खाटेच्या कडेवर गेला. मी उठू लागले तर तिनं माझं मनगट धरलं. डोक्यावरचा पदर खाली पडला होता, तो तिनं सावरला नाही.

"आबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला जगायचं व्हतं. मला कुनी इचारलं न्हाई."

नाना पडवीतून उठून गोठ्याकडं निघून गेला. पाहुण्यांनी बिस्किटाचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि चपला घातल्या. त्या दिवशी आमच्या घरातून माणसं पहिल्यांदाच चहाशिवाय गेली. काकू त्यानंतर श्रावण लागायच्या आत गेली, आणि तोवर ती पडवीतल्या कुणाशी एक शब्द बोलली नाही.

आता काकूचा विषय निघाला की आबा पाहुण्यांना सांगतात, "शेवटाला आजार डोक्यात गेला व्हता तिच्या, काहीबाही बोलायची." मी तिथंच बसलेली असते, तरी सांगतात.