आबांची दाढ आणि मोफत शिबिर

आमच्या घरात पदवीधर मी एकटाच आहे, म्हणून आबांची दाढ दुखायला लागली तेव्हा ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

आबा म्हणजे माझे वडील. हिंगोलीकडच्या पुसेगावात आमच्या शेळ्या आहेत. मी कॉलेजात होतो तेव्हा दरवर्षी फी भरायच्या महिन्यात त्यातल्या दोन कमी व्हायच्या. त्याच आबांना आठ दिवस भाकरी बाजूला सारून दूधभात गिळताना पाहून मला घास जात नव्हता. (माझी डावीकडची दाढही वर्षभर ठणकत होती. पण बापाच्या दुखण्यात आपलं दुखणं कशाला मिसळायचं, म्हणून मी गप्प होतो.)

हिंगोलीच्या खासगी दवाखान्यात खर्च ऐकताच आबा खुर्चीतून उठले. "तेवढ्यात शेळी येते," ते म्हणाले, "बत्तीस दातांची!"

मग गावच्या आशाताईंनी सांगितलं, की सेनगावला मोफत दंत शिबिर आहे, दाढ तिथंच काढून देतात. मी तयारीला लागलो. आधार, रेशन कार्ड, फोटो, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स!

"दाढ काढायची हाय का सातबारा?" आबांनी विचारलं.

(त्या झेरॉक्स शेवटपर्यंत कुणी मागितल्या नाहीत.) जीपमध्ये धक्के बसतील म्हणून निघताना मी आबांना दुखणं थांबायची गोळीही दिली. तिथंच घात झाला.

शिबिरात मोठी रांग होती. आमचा नंबर लागला. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी आबांना तोंड उघडायला लावलं, आत टॉर्च मारला आणि विचारलं, "काय त्रास आहे, बाबा?"

आबांनी चाळीस वर्षं बाजारात शेळ्यांची तोंडं उघडून दाखवली आहेत. गिऱ्हाईक वाकून दात बघतं, दातांवरून वय ओळखतं. त्या वेळी विकणाऱ्यानं काय बोलायचं हे ठरलेलं असतं. इथंही कुणीतरी वाकून दात बघतंय म्हटल्यावर आबा सवयीनं बोलून गेले, "सगळं बराबर हाय! येक बी दात हालत न्हाई!"

मॅडमनी दाढेवर सळई ठोकून पाहिली. "इथं दुखतं?"

"न्हाई." (गोळी!)

मॅडमनी कागदावर 'तक्रार नाही' लिहिलं. "पुढचे!"

मी मध्ये घुसलो. "मॅडम, आठ दिवस यांनी भाकरी खाल्ली नाही!"

आबांनी माझा दंड धरला. "काहून बाजार बिघडवून राहिलास?"

"आबा, हितं तुमाला कोनी इकत घेऊन न्हाई राहिलं!"

"फुकट बी कोनी न्हाई नेणार!" रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "कोणती दाढ?" आबांनी ओठ घट्ट मिटले. तेव्हा मी शिकलेल्या माणसाला शोभेल अशी चूक केली. स्वतःचं तोंड उघडून आत बोट घातलं. "ही. खालची. मागून दुसरी."

टॉर्च माझ्या तोंडात आला आणि तिथंच थांबला.

"बसा खुर्चीत," मॅडम म्हणाल्या.

"मी नाही, आबा..."

"त्यांचं नंतर बघू. तुमची आतून पोखरलीय. काढावीच लागेल."

आबाही वाकले. जाणकारासारखे बराच वेळ आत बघत राहिले. मग रांगेकडं वळून म्हणाले, "मी ह्याला चार दाती समजत व्हतो. हे तर म्हातारं निघालं!" (चार दाती म्हणजे ऐन तरणी शेळी.)

सुई दिसताच मी उठायला लागलो. आबांनी, शेळीला औषध पाजताना धरतात तसा, माझा जबडा दोन्ही हातांत धरला. "भिऊ नको लेकरा," ते हळूच म्हणाले. त्या हातांना शेळ्यांचा वास होता. मी डोळे मिटले.

माझी दाढ निघाली. आबांनी ती उजेडात धरून नीट पाहिली आणि मग ते स्वतःच खुर्चीत बसले. गोळीचा असर उतरला असावा.

"मगा खोटं बोललो, माय," ते मॅडमना म्हणाले. "लई तकलीफ हाय. आठ दिस झोप न्हाई. काढून टाका."

दाढ निघाली तरी आबांनी 'हूं' की 'चूं' केलं नाही.

तिसऱ्या दिवशी आबांनी ज्वारीची भाकरी मोडली, कडक पापुद्र्यासकट. माझ्या मायनं तव्यावर अजून एक टाकली. मी शेजारी बसून सुजल्या गालानं दूधभात खात होतो.

विचारपूस करायला बाया आल्या, तेव्हा माय सांगू लागली, "पोराची दाढ पार सडली व्हती, बया! ह्याच्या आबानं सेनगावला नेला म्हणून बरं. शिकलेल्या लेकराला येकट्याला काय उमजतंय?"

हे सगळं खोडून काढायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपण तोंड उघडलं की काय होतं, ते मला आता कळलं होतं. मी भात गिळला.