वाकळेचा घास

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका संग्रहालयात कारकून होते. दिवाळीनंतर तिथं दोन प्रदर्शनं भरायची होती. एका दालनात घोंगड्या, जुन्या कपड्यांच्या गोधड्या म्हणजे आमच्या वाकळा, अंबाडीचे दोर. शेजारच्या दालनात ते करणाऱ्या माणसांचे फोटो. साहेबांनी विचारलं, "जुनी, चांगली वाकळ कुठं मिळेल?" आणि मी मोठी शहाणी, पटकन म्हणाले, "आमच्या आईकडे आहे."

आई कोरेगावजवळच्या खेड्यात एकटीच राहायची. वडील फौजेत होते, मी लहान असतानाच तापानं गेले. त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. खाकी सदरा तेवढा राहिला होता, तोही आईनं खिशासकट वाकळेच्या कोपऱ्यात शिवला होता. निजताना तो कोपरा तिला गालाखाली लागायचा.

"न्हेतीस तर न्हे," आई म्हणाली, "पर हाय तशी परत आण. न्हाई तर मला तोंड दावू नगंस."

माझ्यासोबत गावी आलेल्या प्रदर्शनाच्या फोटोग्राफरनं वाकळ मांडीवर घेतलेल्या आईचा फोटो काढला. मग आईनं सदऱ्याच्या कोपऱ्याचे टाके उसवले. आमच्याकडे नवी वाकळ पुरी होताना तिच्या कोपऱ्यात पुरणपोळीचा घास भरतात, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. ही तर जुनी होती. "आगं, परक्या घरी निघालीया. उपाशी कशी धाडू?" असं म्हणत आईनं ताजा घास भरला. सुई मीच ओवून दिली. आणि सांगलीला येऊन वाकळ कोठीत ठेवताना तो घास साफ विसरले!

पंधरा दिवसांनी, उद्घाटनाच्या सकाळी घडी उलगडली. उंदरांनी कोपरा फस्त केला होता. खिसा नाही, सदरा नाही, नुसत्या चिंध्या. त्यात उद्घाटनाला म्हणून आई पहिल्याच एसटीनं येऊन दारात उभी.

तिनं भोकात हात घातला. चिंध्या चाचपत राहिली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेब भला माणूस. म्हणाले, "आजी, ही नको लावायला. शेजारी तुमचा फोटो आहे, त्यात कोपरा शाबूत दिसतोय. तो फोटो मी तुम्हाला देऊन टाकतो."

"आवं सायेब," आई म्हणाली, "फोटू पांघरता येतोय व्हय?"

साहेब पाहुण्यांचं बघायला गेले. आईनं तिथंच फरशीवर बसकण मारली, कमरेच्या चंचीतून सुईदोरा काढला आणि नेसत्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला.

"आई, अगं नवं लुगडं!"

"गप. त्येंच्या जागी माझं. कवातरी लावायचंच हुतं."

मला रडू आवरेना. ती मात्र शांतपणे टाके घालत होती. शेवटचा टाका उरला तेव्हा तिनं गाठोड्यातली भाकरी काढली, तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघितलं. उंदरांची आठवण देऊन मला नको म्हणता आलं असतं. मी उठले आणि दाराकडे पाठ करून तिच्यापुढे आडोशाला उभी राहिले.