चार पॉइंट सातवाला नीरज

नीरजचं डोकं फिरवायचं असेल तर त्याला फक्त एवढंच म्हणा, 'दोन मिनिटांचं काम आहे ना.' मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात तो मागच्या टेबलावर बसतो. रोज चार-पाच जण येतात आणि सांगतात, भाय, थोडा फास्ट कर दे. जसं काय स्कूटरचा कान पिळायचाय.

कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर प्रोसेसर पळवायचा म्हणजे एका वेळी एकच आकडा वाढवायचा, तोही चिमूटभर. मग मशीनला तासभर ढोरासारखं राबवायचं आणि किती तापलं ते वहीत लिहायचं. टिकलं तर पुढचा आकडा. व्होल्टेजला हात लावायचा तो अगदीच अडलं तर, तोसुद्धा भीत भीत. मेमरीचा नंबर सगळ्यात शेवटी. दोन्ही एकदम वाढवलं आणि मशीन पडलं, तर कशामुळे पडलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. हे सगळं नीरज समजावतो आणि समोरचा मोबाइलमध्ये बघत विचारतो, हां हां, कितना टाइम?

बारावीला दोनदा आपटलाय तो. बिल्डिंगवाले अजून ते उगाळतात. उगाळू दे. अख्ख्या मीरा रोडमध्ये एवढ्या सबुरीने काम करणारा दुसरा आणून दाखवा, मग बोला.

ममतावहिनी इंद्रलोक भागात, त्याच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली राहते. मुलगी झाल्यावर तिने इंटिरियरची नोकरी सोडली, त्याला सात वर्षं झाली. आता कुठे पहिलं काम मिळालं होतं. एका बिल्डरचे नवे फ्लॅट आतून फिरून बघितल्यासारखे दाखवणारा व्हिडिओ बनवायचा. मशीन एकामागून एक चित्रं तयार करतं, ती जोडून व्हिडिओ होतो, आणि त्यातच तासन्‌तास जातात. दसऱ्याला चार वाजता बुकिंग ऑफिस उघडणार, तेव्हा तो पडद्यावर चालू पाहिजे. काम देतानाच तो माणूस बोलला होता, घरी बसून करणाऱ्या बायकांचं टायमाचं काय खरं नसतं. ते तिला भयंकर लागलं होतं.

म्हणून नीरजने तिचं मशीन तीन आठवडे दुकानात ठेवून घेतलं. प्रोसेसरचा स्पीड चार पॉइंट दोन गिगाहर्ट्झवरून चार पॉइंट सातवर नेला. मेमरी वाढवली. सलग आठ तासांची टेस्ट पास झाल्यावरच परत आणून लावलं.

आणि दसऱ्याच्या सकाळी दहाला वहिनीचा फोन आला. स्क्रीन निळी पडून मशीन बंद होतंय. दोनदा झालं.

नीरज धावत खाली गेला आणि दारातच थांबला. वहिनीच्या सासूबाईंनी, मनोरमाकाकूंनी, कॉम्प्युटरची पूजा केली होती. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. बाजूला समई, आणि ती विझू नये म्हणून पंखा बंद. वरच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते बरोबर तिथेच, मनगटाएवढा जाड झेंडूचा हार. प्रोसेसर शहाण्णव डिग्रीला उकळत होता.

त्याने आधी नीट सांगितलं की हार काढावा लागेल. काकू म्हणाल्या, संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत नाही. परत सांगितलं. परत नाही. वहिनी मध्ये उभी राहून नुसती घड्याळाकडे बघत होती.

शेवटी नीरज तडकला. "काकू, देव आतमध्ये उकडून मरतोय."

"मला देव नको शिकवूस. पहाटे गरबा खेळून आलास आणि आंघोळ न करता इथे शिरलायस, दिसतंय मला."

"अहो, गरम हवा वर जाते. वरचं तोंड बंद केलंत तर ती जाणार कुठून?"

काकूंनी क्षणभर जाळीकडे बघितलं. मग मुठीत अक्षता घेतल्या, कॅबिनेटवर टाकणार तेवढ्यात नीरजने हात पुढे केला म्हणून जमिनीवर वाहिल्या. हार बोटभर सरकवला, मग उचलला. "झाली उत्तरपूजा. हे आधी बोलायचं ना. कुकर मीपण लावते."

समई देवघरात गेली, पंखा फुल झाला, मशीन परत सुरू केलं. नीरज खुर्चीत ऐटीत बसला. वीस मिनिटांनी स्क्रीन परत निळी. शिवाय नुकत्याच तयार झालेल्या चित्रांमध्ये सोफ्यावर हिरवे ठिपके. म्हणजे मेमरीपण चुका करत होती.

त्याने वही काढली. कुठला आकडा चुकला ते शोधायला लागला. एकही चुकला नव्हता. प्रत्येक पानाच्या वर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, खोली तेवीस डिग्री. दुकानातल्या एसीची. इथे वहिनीच्या हॉलमध्ये, ऑक्टोबरच्या उन्हात, मोबाइल चौतीस दाखवत होता. तीन आठवडे रोज लिहिलं आणि एकदाही वाचलं नाही. मशीन तपासलं एका घरात आणि नांदायला पाठवलं दुसऱ्या.

"काकू," तो बोलला, "हार होताच. पण मुळात चूक माझी आहे."

"आता?" वहिनीने विचारलं. चार तासांचं काम बाकी होतं आणि साडेअकराला पाच मिनिटं कमी होती.

एकेक आकडा खाली आणून टेस्ट करायची तर दोन दिवस पाहिजेत. न तपासता अंदाजाने आकडा ठेवायचा, तर तो नीरज नाही. त्याने सगळं कंपनीच्या सेटिंगवर परत नेलं. तीन आठवड्यांचं काम एका बटणात गेलं. ठिपकेवाली सहा चित्रं उडवून पुन्हा रांगेत लावली आणि तो तिथेच बसून राहिला. प्रोसेसर एकाहत्तरवर थांबला. निळं काही झालं नाही.

साडेतीनला शेवटचं चित्र आलं. वहिनी व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन, साडीचा पदर खोचत रिक्षेकडे पळाली. चार वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला. व्हिडिओ चालू झाला होता. बिल्डरने आधी घड्याळात बघितलं, मग पडद्याकडे, आणि पुढच्या बिल्डिंगचे नकाशे उद्या पाठवतो म्हणाला.

काकूंनी नीरजसमोर श्रीखंड-पुरीचं ताट ठेवलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"तुझ्या त्या चार पॉइंट सातने किती वेळ वाचला असता रे?"

नीरजने हिशोब केला. "पंचवीस मिनिटं."

"आणि मशीन दुकानात ठेवलंस किती?"

नीरज पुरी श्रीखंडात बुडवत राहिला. काकूंनी त्याच्या ताटात आणखी दोन पुऱ्या टाकल्या.