एका ओळीचा तीन मेजांवरचा प्रवास

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर उस्मानाबादच्या कचेरीत उर्दूच्या जागी मराठी आली, आणि ती आणण्याचे निम्मे श्रेय, सातवी अपुरी असूनही, मी स्वतःकडे घेतो. आवारातील कडुलिंबाखाली अर्जनवीस म्हणून माझी बैठक होती. नवे साहेब अतिशय चपळ. कागद समोर येताच सही होई. कागद समोर येत नसे, एवढीच उणीव.

जुन्या उर्दू दप्तरातील नोंदीचा तर्जुमा, म्हणजे मराठी भाषांतर, होई. तर्जुम्याची ती ओळ पहिला कारकून आपल्या वहीत उतरवून घेई, मग दुसरा आपल्या वहीत, मग तिसरा. मजकुरात काना-मात्रेचाही फरक पडत नसे, ओळीचा मुक्काम तेवढा बदले. या परिश्रमांस कचेरीत काम म्हणत.

एकदा मुरूम गावची एक विधवा शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या मुलीला मास्तरणीच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. जन्माचा दाखला त्याच दिवशी दुपारच्या गाडीने नेला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"मुन्शीजी, कागद कुठं अडला?"

"अडला नाही, बाई. पहिल्या मेजावरून दुसऱ्याकडे निघाला आहे."

"मेजाला मेज चिकटलंय की! दोन दिस झाले, पायी निघालाय व्हय?"

मी तिला पद्धतीचे महत्त्व समजावू लागलो. शेवटी ती सरळ तर्जुमा करणाऱ्या वयस्कर चाचांकडे गेली. निजामी अमलापासून कागद पाहून त्यांचे डोळे थकले होते, अक्कल मात्र शाबूत होती.

"ओळ तीच हाय ना? मग तीन बार कायकू लिखना?" असे म्हणून त्यांनी तर्जुम्याच्या त्याच पानावर तिन्ही मेजांचे नंबर घातले, आणि तिन्ही वह्यांत 'मूळ पान पाहावे' एवढेच लिहिले. कागद जागचा हलला नाही आणि तिन्ही मेजे पार झाली. कारकुनांचे चेहरे असे झाले, जणू घरात चोरी झाली. त्या पानावरून दाखला झाला आणि साहेबांनी एका दमात सही केली.

बाई दाखला घेऊन बाहेर आली. गाडीचा भोंगा ऐकू येत होता. प्रत्येक दाखल्याची नक्कल माझ्या वहीत ठेवण्याचा माझा शिरस्ता. मी हात पुढे केला.

"थांबा, उतरवून घेतो."

"तुमी बी?" बाई म्हणाली, आणि पदर खोचून धावत सुटली.

माझ्या वहीतील ते पान कोरे आहे. मुलगी आता तुळजापुरात पोरींना शिकवते. त्याचे श्रेय मी कोणाकडेच मागितलेले नाही.